माया सोडून

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं दाराची चौकट काढली. उंबरठा नसलेली, वरची आडवी पट्टी मधोमध जरा लोंबणारी.

"हे मोठं आतडं. साधारण पाच फूट. इथं उजवीकडं खाली सुरू होतं, वर यकृतापर्यंत चढतं, आडवं जातं, मग डावीकडनं खाली उतरतं."

"ही तर डावी बाजू झाली," कागदाच्या डाव्या खांबावर बोट ठेवून आई म्हणाली.

"मावशी, तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात असं समजा."

"हां. गिऱ्हाइकासारखं."

चाळीस वर्षं समोर उभ्या राहिलेल्या बायकांची मापं घेण्यात गेलेल्या माणसाला डावं-उजवं यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही. डॉक्टरांनी त्या खांबावर एक गोल गिरवला. "गाठ इथं आहे." मग त्या गोलाच्या खाली एक रेघ मारली आणि वर, पार आडव्या पट्टीच्या मध्यापर्यंत जाऊन दुसरी. दोन रेघांमधलं अंतर बघून माझा भाऊ खुर्चीत पुढं सरकला.

"गाठ केवढी आहे म्हणालात?"

"चार सेंटिमीटर."

"आणि काढणार हे एवढं सगळं?"

दादाचा इचलकरंजीत यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. मीटरवर व्यवहार करणारा माणूस. त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं, हे लोक फुटावर बिल लावतात की काय. प्रश्न मात्र बरोबर होता. लिंबाएवढ्या गाठीसाठी फूटभर आतडं का काढायचं, हे मला नीट कळायला पुढं बरेच दिवस लागले. आईला त्याच दिवशी कळलं.

पण त्याआधीचं एक वर्ष सांगायला हवं, कारण ते वाया गेलं.

आईला दम लागायचा. मशीनवरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्या आसपास. लोहाच्या गोळ्या दिल्या. मग टॉनिक. मी पुण्याहून खजूर आणि अंजिरं पाठवत राहिले, वहिनी रोज बिटाची कोशिंबीर करत राहिली. हिमोग्लोबिन जरा वर यायचं, पुन्हा घसरायचं. रक्त कमी आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं, ते जातंय कुठं हे वर्षभर कुणी विचारलं नाही. मीही नाही. पाळी थांबून पंधरा-सोळा वर्षं झालेल्या बाईच्या अंगातलं लोह संपतंय, म्हणजे कुठंतरी गळती आहे, आणि ती शोधायची पहिली जागा पोट. आज मला हे तोंडपाठ आहे.

उजव्या बाजूचा कॅन्सर असाच लबाड असतो. तिथं आतडं रुंद असतं आणि आतला मळ अजून पातळ, त्यामुळं गाठ वाढली तरी काही अडत नाही. ती नुसती पाझरत राहते, डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. डाव्या बाजूला आतडं अरुंद आणि मळ घट्ट झालेला. तिथली गाठ लवकर बोलते. पोट साफ होण्याच्या सवयी बदलतात, रक्त डोळ्यांना दिसतं. आणि दिसलं तरी आपल्याकडं त्याचं एकच नाव ठरलेलं असतं, मूळव्याध. एसटी स्टँडच्या प्रत्येक भिंतीवर तिचा इलाज रंगवलेला असतो. त्या भिंतीवरचा फोन नंबर फिरवण्यात कित्येकांचे कळीचे महिने जातात. 'आपण हळद खातो, आपल्याला तो आजार होत नाही' हेही मी ऐकलंय. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडं प्रमाण कमी आहे हे खरं, पण ज्याला व्हायचा त्याला हळद खाऊनही होतो.

शेवटी हिमोग्लोबिन ७.१ वर आलं आणि आम्ही मिरज गाठलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं १८९४ मध्ये तिथं दवाखाना काढला तेव्हापासून गावाला ही सवय लागली असावी. दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आईनं पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी ग्लास-ग्लास करून संपवलं आणि रात्रभर संडासला फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर गुलाबी, ओला, चकचकीत बोगदा दिसत होता. त्याच्या पार टोकाशी ती होती. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लावला की रक्त येणारी.

गाठीचा तुकडा तपासून आला. डॉक्टरांनी आईसमोर 'तो' शब्द उच्चारू नये असं दादानं त्यांना बाहेर गाठून सांगून ठेवलं होतं. त्यांनी इमानेइतबारे 'गाठ, गाठ' केलं. चौथ्यांदा गाठ ऐकल्यावर आई म्हणाली, "गाठ म्हंजे कॅन्सरच नव्हं? मग तसं म्हणा की. मला किती कापणार ते सांगा."

तर, किती कापणार.

डॉक्टरांनी त्या चौकटीच्या मधल्या मोकळ्या जागेत, वरून खाली येणाऱ्या नदीसारखी एक जाड रेघ काढली आणि तिच्यातून उजव्या खांबाकडं जाणारे फाटे. त्या रक्तवाहिन्या. आतडं पोटात सुटं पडलेलं नसतं. चरबीच्या पदराला ते लोंबतं, आणि त्या पदरातून या वाहिन्या येतात. त्यांच्या बरोबरीनं, फाट्याफाट्यावर, वालाच्या दाण्यांएवढ्या लसिका ग्रंथी बसलेल्या असतात. गाठीतून सुटलेली पेशी बहुधा याच वाटेनं जाते. आधी आतड्याला लागून असलेल्या ग्रंथीत, मग पुढच्या, मग मुळाशी. म्हणून नुसती गाठ काढून भागत नाही. ती वाट मुळापर्यंत काढायला लागते. आणि मुळाशी वाहिनी बांधून तोडली, की तिच्यावर जगणारं सगळं आतडं उपाशी मरणार. तेव्हा तेही काढायचं. लहान आतड्याचा शेवटचा वीतभर भाग, मोठ्याची सुरुवात, अपेंडिक्स, उजवा खांब आणि आडव्या पट्टीचा काही भाग. लांबी गाठीवरून ठरत नाही, रक्तावरून ठरते.

"म्हणजे धागा मुळातनं ओढायचा तर त्याच्यावरचं कापड जाणारच," आई दादाला म्हणाली. दादा मागाचा मालक, त्याला हे आधी सुचायला हवं होतं.

"आणि गाठीच्या दोन्ही अंगांना निदान पाच सेंटिमीटर चांगलं आतडं सोडूनच कापायचं," डॉक्टर म्हणाले.

"माया."

डॉक्टरांनी वर बघितलं.

"माया सोडून कापायचं," आईनं समजावलं. ज्यांनी घरात मशीन बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, कापड बेतताना मापाच्या रेघेबाहेर जे जास्तीचं ठेवतात त्याला आमच्याकडं माया म्हणतात. शिकाऊ मुलींना आई पहिल्याच आठवड्यात बजावायची, रेघेवर कात्री चालवू नका, माया सोडा. डॉक्टर मिरजेत मराठीतच बोलत असले तरी हा शब्द त्यांना नवा होता. पुढच्या प्रत्येक भेटीत त्यांनी तो वापरला, जरा जास्तच हौसेनं.

मग आईनं तिचा खरा प्रश्न विचारला. कापण्याबद्दल तिला काही वाटत नव्हतं, कापणं काय, कुणीही कापेल. "जोडणार कसं? एक बारीक, एक रुंद." लहान आतडं अंगठ्यापेक्षा थोडं जाड, मोठं चांगलं ऐसपैस. बाही मुंढ्यात बसत नाही तशी गत.

त्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं मला फार आवडलं. तोंडाला तोंड लावायचंच नाही. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी झोपवायच्या, स्टेपलरचा एकेक पाय एकेकीत घालायचा आणि दाबायचा. दोन्ही भिंती एकमेकींना शिवल्या जातात आणि मधोमध कापल्याही जातात. टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या ओळी अलीकडं-पलीकडं, मध्ये पातं. दोहोंचं मिळून एकच मोठं तोंड होतं, बारीक-रुंद हा वाद मिटतो.

"पायजम्यासारखं. दोन पाय वर येऊन एक होतात."

"अगदी."

"आणि ताणात नाही ना यायचं? ताणात शिवलं की उसवतं."

कुठल्याही सर्जनला विचारा, आतडं जोडताना काय सांभाळायचं. दोन गोष्टी सांगेल. जोड ताणात नको, आणि दोन्ही कडांना रक्त चांगलं हवं. त्यातली अर्धी परीक्षा आई तिथंच पास झाली.

पिशवीची भीती तिलाही होती. पोटाला लावायची पिशवी हा शब्द आमच्याकडं कॅन्सरपेक्षा हळू आवाजात उच्चारतात. ठरवून केलेल्या उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत ती सहसा लागत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातला जोड असेल तर तो भरून येईपर्यंत तात्पुरती लावतात, किंवा आतडं अडून फुगल्यावर घाईनं पोट उघडावं लागलं तर. आमच्याच गल्लीतले एक काका पिशवी लावून बारा वर्षं दूध घालत हिंडले, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे शिरेतून लोह दिलं. केशरी रेशनकार्ड शोधून काढलं, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर दादानं दोन दिवस काढले. मी रात्री जागून वाचत बसायचे, जे वाचू नये ते जास्त. त्यात एक फ्रेंच सर्जन भेटला, ल्योंचा रेबार. १८२३ मध्ये त्यानं आतड्यातली गाठ कापून दोन्ही टोकं शिवून दाखवली. गुंगीचं औषध यायला अजून वीसेक वर्षं होती, जंतू मारून हात धुवायची कल्पना लिस्टरनं मांडायला चाळीसेक. रोगी त्यातून उठला. पुढं आजार परत आला, पण जोड टिकला होता. त्या रोग्याचा विचार मी फार वेळ केला. टेबलावर त्याला कोणी धरलं असेल?

त्याच वाचनात रोनाल्ड रेगनही आले. जुलै १९८५, अमेरिकेचे अध्यक्ष पदावर असताना हीच, उजव्या बाजूची शस्त्रक्रिया. दोनेक फूट आतडं काढलं. गुंगीत असताना साधारण आठ तास सत्ता उपाध्यक्ष बुशकडं होती. आईला सांगितलं. तिनं सत्तेबद्दल काही विचारलं नाही. "मग तो पुढं किती जगला?"

"एकोणीस वर्षं."

"बरं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. दुर्बिणीतून. पोटावर चार भोकं, आई त्यांना काजं म्हणते, आणि काढलेला भाग बाहेर घेण्यासाठी बेंबीपाशी एक छोटी चीर. आत काय केलं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं तेव्हा मला आणखी एका शिवणीची ओळख झाली. आपण आईच्या पोटात असताना आपलं आतडं फिरतं, वळतं आणि त्याचा चरबीचा पदर पाठीमागच्या भिंतीला चिकटतो. पण कच्चा. दोन थरांमध्ये कापसासारखा एक पोकळ पापुद्रा राहतो. टोल्ट नावाच्या ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. कडेला तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. सर्जन त्या रेघेवर उघडतो आणि पदर, न फाडता, अख्खा सोडवून घेतो. रक्त जवळजवळ येत नाही. ब्लाउजचं अस्तर धावदोऱ्यानं टाचलेलं असतं, तो दोरा ओढला की अस्तर सुटं, तसं. गुदाशयाच्या बाबतीत हा पदर, बंद पाकिटासारखा, अखंड काढण्याचं महत्त्व इंग्लंडच्या बिल हील्डनं १९८२ मध्ये मांडलं, त्याच्या वरच्या मोठ्या आतड्यासाठी जर्मनीतल्या एर्लांगेनच्या होहेनबर्गरनं २००९ मध्ये. नवीन औषध नाही, यंत्र नाही. फक्त कुठला थर उसवायचा आणि कुठला अजिबात फाडायचा नाही, एवढीच शिस्त, आणि तेवढ्यानं आजार परत येण्याचं प्रमाण घटलं.

दुपारी एकच्या सुमारास दार उघडून हिरव्या कपड्यातला एक मुलगा ओरडला, "नातेवाईक कोण?" स्टीलच्या ट्रेमध्ये होतं ते. दादानं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मी बघितलं. पिवळसर चरबी, करडं-गुलाबी आतडं, एका बाजूला गांडुळासारखं अपेंडिक्स. सर्जननं हातमोज्याच्या बोटानं दाखवलं, ही गाठ, हे वरचं टोक, हे खालचं, इथं वाहिनी बांधली. मी मान डोलवत होते. एवढंच मनात येत होतं की आजवर हे कुणी बघितलेलं नाही. आईनंही नाही.

मग ते फॉर्मलिनच्या बरणीत गेलं आणि बरणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात आली. लॅब गावात दुसऱ्या टोकाला. रिक्षात बरणी मांडीवर धरून बसले. वास डोळ्यांत चुरचुरत होता. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "लोणचं का?" मी हो म्हणाले. तंतुवाद्यांच्या दुकानांवरून गेलो, दारात अर्धवट तासलेले भोपळे वाळत होते. आठवलं, पूर्वी जखमा शिवायचा दोरा, कॅटगट, मेंढरांच्या आतड्यापासून करायचे, आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीची तातही आतड्याचीच असायची. बरणी एका खड्ड्यात डुचमळली. मी ती पोटाशी घट्ट धरली.

लॅबमध्ये त्या चरबीत बोटांनी चाचपत ग्रंथी शोधतात. निदान बारा तरी तपासायलाच हव्यात, नाहीतर 'कुठं पसरलेला नाही' या वाक्याला अर्थ राहत नाही. म्हणजे सर्जननं पदर किती मुळापर्यंत काढला आणि लॅबमधल्या माणसानं किती चिकाटीनं चाचपला, या दोघांवर आईचा टप्पा, म्हणजे आजार किती पसरलाय ते, ठरणार होता. हे कळल्यावर त्या खिडकीतल्या, टिफिनचा डबा अर्धा उघडून बसलेल्या मुलाला मी उगाचच दोनदा नमस्कार केला.

पुढचे दोन-तीन दिवस आमचं कुटुंब एकाच गोष्टीची वाट बघत होतं. ती गोष्ट आमच्या घरात कधी नावानं उच्चारलेली नाही. राउंडला आलेले डॉक्टर, नर्स, झाडणाऱ्या मावशी, सगळे विचारायचे, "वारं सरलं का?" पूर्वी ते सरेपर्यंत नाकात नळी आणि तोंडाला कुलूप असायचं. १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या केलेट या सर्जननं विचारलं, का? लवकर पाणी द्या, लवकर चालवा, नळ्या लवकर काढा. आता ती पद्धत आपल्याकडंही बऱ्याच ठिकाणी आली आहे. आईला त्याच संध्याकाळी घोटभर पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी उभं केलं आणि दिवसातून तीनदा च्युइंगगम चघळायला लावलं. तोंड हललं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, ते कामाला लागतं. जन्मात कधी च्युइंगगम न खाल्लेली माझी आई नऊवारीवर हॉस्पिटलचा अंगरखा घालून, कॉरिडॉरमध्ये सलाइनच्या खांबाला धरून, क्रिकेटरसारखी चघळत चालली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला हलवून उठवलं. "डॉक्टरला सांग, झालं." एवढंच.

पण खरी भीती त्यानंतरची. जोड उसवलाच तर तो बहुधा पहिल्या आठवड्यातच उसवतो. आतला मळ पोटात सांडतो, ताप, धडधड, पुन्हा टेबलावर. शंभरातल्या थोड्यांनाच होतं, पण 'थोडे' हा शब्द पलंगाशेजारी बसलेल्या माणसाच्या कामाचा नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी, म्हणजे आतली सूज सांगणारं प्रथिन, बघत होते, ते उतरायला हवं. मी दर तासाला तिची नाडी मोजायचे. आई छताकडं बघत पडलेली असायची. एकदा म्हणाली, "आपलीच शिवण आहे आणि हात लावून बघता येत नाही."

सीआरपी उतरलं. सातव्या दिवशी आम्ही घरी.

रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला. काढलेला भाग ३१ सेंटिमीटर. दोन्ही कडा मोकळ्या, जवळची नऊ सेंटिमीटरवर. लसिका ग्रंथी बावीस मिळाल्या, दोन बाधित. तिसरा टप्पा. आईनं कडांचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. "नऊ म्हंजे साडेतीन इंच. भरपूर माया सोडलीय." बावीसमधल्या दोनांबद्दल ती काही बोलली नाही. ते तिच्या कामातलं नव्हतं.

त्या दोनांसाठी तीन महिने केमो. शिरेतून ऑक्झालिप्लॅटिन आणि घरी गोळ्या. हे औषध बोटांच्या टोकांवर बसतं, थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात. डिसेंबर होता. सकाळी कात्री उचलली की तिला शॉक बसल्यासारखं व्हायचं. मग ती कात्री दहा मिनिटं पदरात गुंडाळून ठेवायची, ऊब आली की कापायची. सुई बोटांना कळेनाशी झाली तेव्हा मात्र घाबरली. शस्त्रक्रियेत एकदाही रडली नाही, सुईत दोरा ओवताना रडली. चौथी फेरी डॉक्टरांनी कमी मात्रेत दिली. बोटं पूर्ण परत आलेली नाहीत. हातशिलाई आता वहिनी करते, आई शेजारी बसून चुका काढते.

पोटाचं म्हणाल तर सुरुवातीला दिवसातून चार-पाचदा जावं लागायचं. पाणी शोषून घेणारा एक खांबच गेलेला. तीनेक महिन्यांत दोनावर आलं. लग्नाला जाताना आधी संडास कुठं आहे ते विचारून ठेवते, बाकी सगळं खाते. फ्लॉवर मी खात नाही, ती खाते.

वर्षानंतर पुन्हा दुर्बीण. पुन्हा ते दोन लिटर पाणी, पुन्हा तो गुलाबी बोगदा, पण या वेळी लवकर संपला. टोकाशी जोड होता. फिकट, जरा उंचावलेली एक कड, तिच्यात एक-दोन टाचण्या चमकत होत्या, आणि पलीकडं लहान आतड्याची मखमल. स्वच्छ. मी श्वास सोडला तो बहुतेक बाहेर दादाला ऐकू गेला असेल.

रिपोर्टवर त्या जोडाचा रंगीत फोटो छापून आला होता. आईनं चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला, कापड बघतात तसा उजेडात तिरपा धरला. पातळाचा पदर बाजूला करून बेंबीजवळचा व्रण एकदा बघितला, पुन्हा फोटो बघितला. सर्जन समोर बसले होते.

"आतली तुम्ही घातली?"

"हो मावशी."

"सरळ आहे. झोल नाही कुठं." मग व्रणावर बोट ठेवून, "आणि ही?"

ते हसले. "वरचे टाके माझ्या ज्युनियरनं घातले होते."

"तरीच," आई म्हणाली. "बोलवा त्याला."